पानावरून ओळखावी कृष्णकमळाची वेल

लखनौचे निशातगंज ही गोमतीपलीकडची दाट वस्ती. नदीच्या अलीकडे, सिकंदरबागेत, राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे उद्यान आहे. निशातगंजसारख्या वस्तीत जमीन थोडी आणि भिंती, गच्च्या भरपूर. तेथे कृष्णकमळासारखी तणाव्यांनी चढणारी वेल शोभते. मात्र शोभेची वेल फळाच्या आशेने लावली, तर दोन-तीन वर्षांचे श्रम वाया जातात. फुलांची ठेवण मिळतीजुळती असल्याने लागवडीपूर्वी पान पाहणे हिताचे.

पानाची ओळख

पॅशन फ्रूटचे पक्व पान चकचकीत, तीन खंडांचे व दातेरी कडांचे असते. देठावर, पात्यालगत, दोन मकरंदग्रंथी असतात. शोभेच्या निळ्या कृष्णकमळाचे पान बहुधा पाच खंडांचे व अखंड कडांचे असते. रानात तण म्हणून पसरणाऱ्या जातीचे पान लवदार असून चुरडल्यास उग्र वास येतो. कोवळ्या रोपाची पाने अखंडही असू शकतात. म्हणून निर्णय पक्व पानावरच घ्यावा. या कुळातील अनेक जातींच्या पानांत सायनाइड मुक्त करणारी संयुगे असतात. छाटणीचा पाला जनावरांना घालू नये.

फुले येतात, फळ का नाही?

जांभळ्या पॅशन फ्रूटचे फूल सकाळी लवकर, तर पिवळ्याचे दुपारच्या सुमारास उमलते. पिवळ्या प्रकारास स्वतःचे पराग चालत नाहीत. एकाच वेलीच्या छाटकलमांपासून वाढविलेल्या साऱ्या वेली आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्याने त्या परस्परांस उपयोगी पडत नाहीत. म्हणून भिन्न मूळ असलेल्या किमान दोन वेली लावाव्यात. परागीभवन प्रामुख्याने मोठा काळा भुंगा करतो. तो नसेल, तर फूल उमललेले असताना एका वेलीचे पराग दुसरीच्या तीनही कुक्षींवर हाताने लावावेत.

जात आणि निगा

जांभळा प्रकार थंड, उंच प्रदेशास, तर पिवळा उष्ण सखल भागास मानवतो. या दोहोंच्या संकरातून कर्नाटकातील चेट्टळ्ळी केंद्राने ‘कावेरी’ ही जात विकसित केली. लखनौत उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे मुळांशी आच्छादन व नियमित पाणी हवे. फळे नव्या फुटीवर धरतात. त्यामुळे तोडणीनंतर छाटणी करावी.

टॉनी कोस्टर फुलपाखराच्या काटेरी अळ्या पाने खातात. वेली थोड्या असतील, तर त्या वेचून काढाव्यात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारल्यास भुंगेही मरतात आणि फळधारणेची वाटच बंद होते.