पोर्ट ब्लेअर : कोठडीपलीकडचे

आपल्या वऱ्हाडातला प्रवासी बडनेऱ्याहून हावड्याची गाडी धरतो, पुढे विमानाने वा बोटीने पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्रीविजयपुरम) गाठतो, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो आणि परततो. ते योग्यच, पण या गावाने दुसरे महायुद्धही सोसले आहे, ते पाहायचे राहून जाते.

राजकीय कैदी १९३८ पर्यंत स्वदेशी परतले होते. २३ मार्च १९४२ रोजी जपानी फौज उतरली आणि हाच तुरुंग पुन्हा भरला. या वेळी आत होती गावचीच माणसे, हेरगिरीच्या संशयावरून धरलेली. पंजाबी कवी डॉ. दिवाणसिंग यांचा येथे छळ झाला व १४ जानेवारी १९४४ रोजी मृत्यू आला. त्याआधी पंधरवडाभर, ३० डिसेंबर १९४३ रोजी, नेताजींनी जवळच्या जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला होता. नेताजींना तुरुंग दाखवण्यात आला. हे कैदी मात्र नाही! मैदान आणि तुरुंग एकाच दिवशी पाहावेत, म्हणजे दोन तारखांमधले अंतर किती थोडे आहे ते कळते.

३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज येथे ४४ जणांना गोळ्या घातल्या. तेथे स्मारक आहे, जाणारे थोडे. समोरच्या रॉस बेटावर (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) मात्र बोटी भरून जातात. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी वेढले आहे आणि त्यांच्या शेजारी जपानी बंकर उभे आहेत.

ऑक्टोबर १९४५ मध्ये जपान्यांनी शरणागती पत्करली, तीही त्याच जिमखाना मैदानावर.