कॉफीचा कडकपणा आणि कॅफीनचा हिशेब

कॉफी जितकी कडू तितकी ती झोप उडवणार, असा एक पक्का समज आहे. प्रत्यक्षात कपातल्या कडूपणात कॅफीनचा वाटा थोडाच असतो. बराचसा कडूपणा बी भाजताना तयार होतो. म्हणून अंदाज जिभेवर न बांधता वजनावर बांधावा. पूड किती ग्रॅम, बी कोणतं आणि चिकोरी किती, एवढं कळलं की काम भागतं.

अरेबिकाच्या एक ग्रॅम पुडीत साधारण १२ मिलिग्रॅम कॅफीन असतं, रोबस्टाच्या पुडीत २२ च्या आसपास. भारतात रोबस्टाचंच पीक जास्त, त्यामुळे हा फरक आपल्या कपापर्यंत पोचतो. बी हलकं भाजलं की काळंकुट्ट, याने मात्र फारसं बिघडत नाही. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचं भाजलेलं मूळ. तिने रंग आणि दाटपणा येतो, कॅफीन अजिबात नाही.

आता दाक्षिणात्य फिल्टर घेऊ. वरच्या भांड्यात २० ग्रॅम पूड, पाकिटावर ७०:३० लिहिलेलं. म्हणजे खरी कॉफी १४ ग्रॅम. दोन्ही जातींचं बी निम्मं-निम्मं असेल तर ग्रॅमला १७ मिलिग्रॅम, एकूण सुमारे २४०. सगळं काही खाली उतरत नाही. चार पंचमांश उतरलं असं धरलं तर डिकॉक्शनमध्ये १९० उरतात. त्यातून चार टंबलर भरले की प्रत्येकाच्या वाट्याला ५० पेक्षा थोडं कमी. दूध कितीही ओता, आकडा हलत नाही. उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून काढलेल्या पातळ डिकॉक्शनला चव बेताची आणि कॅफीन त्याहून बेताचं, कारण गरम पाण्यात ते आधीच विरघळून गेलेलं असतं.

एस्प्रेसोची दहशत उगाच आहे. ३० मिलिलिटरच्या एका शॉटमध्ये साधारण ६३ मिलिग्रॅम. अमेरिकी पद्धतीच्या साध्या ड्रिप कॉफीचा २४० मिलिलिटरचा मग ९५ च्या घरात जातो. घोटाघोटाला एस्प्रेसो जड, पण मग संपवणाऱ्याच्या पोटात जास्त जातं. एका शॉटचा कॅपुचिनो कितीही मोठ्या कपात आला तरी तो त्या एकाच शॉटचा.

इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅमच्या आसपास, तेही चिकोरी नसेल तर. कोल्ड ब्रूचं नेमकं सांगता येत नाही: थंड पाण्यात कॅफीन सावकाश उतरतं, पण पूड भरपूर आणि वेळ बारा-बारा तास, त्यामुळे तो सौम्य लागूनही अंगावर येऊ शकतो. डीकॅफमध्येही चार-दोन मिलिग्रॅम राहतंच. आणि आपल्याकडे कॉफीत जायफळ किसतात, त्याने वास सुरेख येतो. कॅफीन आहे तेवढंच राहतं.

शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. संध्याकाळी सहाच्या टंबलरमधलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं आहे, गरोदर स्त्रियांसाठी २००. वरच्या फिल्टरमधलं सगळं डिकॉक्शन जवळजवळ तेवढंच भरतं, आणि दिवसभरातला चहाही त्याच २०० मध्ये धरायचा असतो.