जुनी कूपे घेताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कूपे म्हटलं की आपल्याला रेल्वेच्या पहिल्या वर्गातला दोघांचा कप्पा आठवतो. मोटारीतली कूपेही तशीच, दोघांपुरती. दारं दोनच, छत मागे उतरत गेलेलं आणि मागची सीट नावाला. मी इंग्लंडमध्ये लंडनला लागून असलेल्या स्लाउ गावात राहतो. तिथे इतकी वर्षं इमानेइतबारे साधी गाडी चालवली. पन्नाशी उलटल्यावर, २०२४ साली, मनानं घेतलं की मर्सिडीजची सीएलके घ्यायची. नवी नव्हे, वीसेक वर्षांची.

तिकडे अशी गाडी तीन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपयांत मिळते. नवी असताना ती याच्या दहापटीहून महाग होती. मोह होतो तो इथेच. पण मंडळी, गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही! एवढं एक कळायला मला दोन महिने लागले.

मला हवं होतं सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं सीएलके ३५०. ब्रिटनमध्ये या वयाच्या गाड्यांचा वार्षिक कर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. मात्र २३ मार्च २००६ पूर्वी नोंदलेल्या गाडीला कराची वरची मर्यादा आहे. त्यामुळे एकाच कारखान्यातल्या दोन जुळ्या बहिणी, पण तारखेच्या अलीकडची वर्षाला चारशेच्या थोडं वर मागते आणि पलीकडची सातशेच्या पुढे. साहजिकच सगळे अलीकडची शोधतात. मीही तेच केलं.

आणि नेमक्या त्याच काळातल्या इंजिनांत खोट आहे. इंजिनाची थरथर कमी करण्यासाठी आत एक तोल सांभाळणारा दांडा फिरतो. त्याच्या चक्राचे दाते सुरुवातीच्या इंजिनांत मऊ निघाले. ते झिजले की साखळीची वेळ चुकते आणि समोर पिवळा दिवा लागतो. चक्र लहानसंच, पण तिथवर पोचायला इंजिन बाहेर काढावं लागतं. मजुरी गाडीच्या किमतीच्या घरात जाते. थोडक्यात, करात वाचवलेले पैसे इंजिन एका दमात परत घेऊ शकतं.

पहिली गाडी पाहिली ती काळी, आरशासारखी. मी विक्रेत्याला आधी सांगून ठेवलं होतं की इंजिन मी येईपर्यंत चालू करू नका. थंड इंजिन सुरू होताना जो आवाज करतं तो खरा. गरम झाल्यावर सगळीच इंजिनं शहाणी वागतात. गेल्यागेल्या बॉनेटवर हात ठेवला, तर चांगलं गरम! तो म्हणाला, धुऊन आणली. मी काही बोललो नाही.

घरी येऊन तिचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला. तिकडे तीन वर्षांपुढच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात, आणि तिचा इतिहास कुणालाही फुकट पाहता येतो. दरवेळचे मैल आणि परीक्षकाचे शेरे, दोन्ही. ‘ब्रेकच्या नळ्यांना गंज’ हा शेरा सलग तीन वर्षं होता. एखादा दोष एकदा लिहिला जाणं मी समजू शकतो. तोच तीनदा आला तर मालकानं तीन वर्षं ढकललंय, दुसरं काय? शिवाय चार वर्षांत गाडी जेमतेम हजार मैल चाललेली. कमी चाललेली म्हणून लोक खूष होतात, पण उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरी सील सुकतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते वाचा. १२१४ म्हणजे २०१४ चा बारावा आठवडा. तिच्यावर तेच होते.

शेवटी घेतली ती चंदेरी. एक लाखावर मैल, डाव्या दारावर पोचा. आमच्या गॅरेजवाल्या पाजींनी दोनदा विचारलं, हीच का? पण मालकीणबाईंनी पुठ्ठ्याची फाइल पुढे केली. त्यात प्रत्येक बिल होतं, गिअरबॉक्सचं तेल बदलल्याचं, आणि २०१५ मध्ये इंजिन उतरवून ते चक्र बदलल्याचंही. नोंदणी जानेवारी २००६ ची. मी किमतीची घासाघीससुद्धा नीट केली नाही. गाडीवर कर्ज थकलेलं नाही ना, याचा अहवाल काढला आणि पैसे दिले. पहिल्याच महिन्यात चार टायर घ्यावे लागले, ते धरूनच चाललो होतो.

पुढच्या मे महिन्यात आई सांगलीहून आली. हीथ्रो विमानतळ लंडनच्या धूरनियंत्रित हद्दीत येतो, तिथे जुन्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पेट्रोलची ही गाडी नियमात बसते, तेही मी आधी पाहून ठेवलं होतं. फक्त आई मागच्या सीटवर शिरणार कशी, एवढंच पाहिलं नव्हतं. ती पुढे बसली. बायको दोन बॅगांसकट मागे, गुडघे हनुवटीला लावून.

‘‘अरे,’’ आई म्हणाली, ‘‘रेल्वेच्या कूपेत निदान पाय तरी पसरता यायचे.’’