अडगळीतील पॉवर टिलरचे पुनरुज्जीवन

बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा परिसर आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारतींसाठी ओळखला जातो. भातशेती करणाऱ्यांच्या परिचयाचा महादेवपुरा मात्र निराळा आहे. जपानच्या मित्सुबिशी उद्योगसमूहाच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवणारी व्हीएसटी टिलर्स ट्रॅक्टर्स ही कंपनी १९६७ मध्ये स्थापन झाली. महादेवपुरा हा तिचा पत्ता. पुढे तिने मालूर व होसूर येथेही कारखाने उभारले. देशभरातील भातखाचरांत फिरणाऱ्या ‘शक्ती’ पॉवर टिलरचे मूळ गाव म्हणून महादेवपुऱ्याचेच नाव घ्यावे लागेल.

या यंत्राचा साचा साधा आहे. पुढे एक सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आडवे डिझेल इंजिन. मागे व्ही-बेल्टने चालणारा क्लच व गिअरबॉक्स. दोन चाके, रोटरीची पाती आणि चालवणाऱ्याच्या हाती लांब दांडे. ‘१३० डीआय’ या प्रकाराची शक्ती मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर १३ अश्वशक्ती. लहान, चिंचोळ्या व बांधांनी तुटलेल्या खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळत नाही, तेथे हे यंत्र बैलजोडीची जागा घेते.

असे असूनही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, चंदगड, आजरा या भागांत गोठ्याच्या पडवीत किंवा गटाच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे पडून असलेले पॉवर टिलर सर्रास दिसतात. बंद पडण्याचे मूळ कारण बहुधा किरकोळ असते. एखादा बेल्ट वेळेवर मिळाला नाही, इंजेक्टर चोंदला, चालवणारा मुंबईला गेला किंवा गटात दुरुस्तीचा खर्च कोणी करावा यावर एकमत झाले नाही. खरे नुकसान त्यानंतर सुरू होते. चालताना यंत्र जितके झिजते, त्याहून अधिक ते पावसाळ्याच्या दमट हवेत उभे राहून कुजते. त्यावर कळस म्हणजे, पाचसहा वर्षांनी कोणीतरी उत्साहाने हँडल लावून ते थेट सुरू करू पाहतो. तोपर्यंत वाचवता आले असते असे इंजिन बहुधा त्या दिवशी कायमचे बिघडते.

हँडलला हात लावण्यापूर्वी

पहिला दिवस निरीक्षणाचा असावा. इंजिनाचा व चासिसचा क्रमांक नोंदवून मालकीची कागदपत्रे जुळवावीत. यंत्र अनुदानातून किंवा गटाच्या नावे घेतलेले असेल तर खर्च कोणाचा आणि वापर कोणाचा, हे आधी लेखी ठरवणे शहाणपणाचे. दुरुस्त झालेले यंत्र वादापायी पुन्हा अडगळीत गेल्याची उदाहरणे विस्तार कार्यकर्त्यांना नवी नाहीत. ते शेवटी कसे बंद पडले, हे जुन्या चालकाला अवश्य विचारावे. ‘चालता चालता थांबले’ आणि ‘मोठा आवाज होऊन थांबले’ या दोन उत्तरांत हजारो रुपयांचे अंतर असते.

साफसफाई करताना जाड हातमोजे घालावेत आणि यंत्राखालचा पेंढा आधी काठीने हलवावा. कोकणात अशा जागी फुरसे दडलेले असू शकते. एअर क्लीनरमध्ये उंदरांची घरटी आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीची मातीची घरे सापडणे नित्याचेच. ती सगळी काढल्याशिवाय इंजिनात काहीही ओतू नये.

यानंतरची कृती अनेकांना अनावश्यक वाटते, पण तीच सर्वात बोलकी आहे. इंजिनाच्या तळाचा बोल्ट सैल करून जुने ऑइल स्वच्छ भांड्यात घ्यावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते शिरले असेल तर आधी बाहेर येते. ऑइल दुधाळ चहासारखे दिसल्यास लायनरचे रबरी वलय, हेडची गॅस्केट किंवा सायलेन्सरमधून आलेला पाऊस यांपैकी कशावर तरी संशय घ्यावा. अशा वेळी हेड उघडल्याशिवाय इंजिन फिरवू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोराने हँडल मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. हे जुने ऑइल जमिनीत किंवा ओढ्यात न टाकता बंद डब्यात साठवून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

अडकलेला पिस्टन

ऑइल ठीक असेल तर डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबून फ्लायव्हील हाताने हळूच हलवून पाहावे. ते फिरले तर अर्धे काम झाले. फिरले नाही तर बहुधा पिस्टनच्या रिंगा लायनरच्या गंजात चिकटलेल्या असतात.

अशा वेळी इंजेक्टर काढून त्या भोकातून डिझेल व हलके वंगण यांचे मिश्रण ओतण्याची पद्धत रूढ आहे. उभ्या सिलिंडरच्या इंजिनात ती पुरेशी ठरते. पॉवर टिलरचा सिलिंडर आडवा असल्याने ओतलेले वंगण खालच्या बाजूला साचते आणि वरच्या बाजूच्या रिंगा कोरड्याच राहतात. आठवडाभर वाट पाहूनही पिस्टन सुटत नाही, तो यामुळे. म्हणून हेड उघडावे, लायनरवरचा गंज बारीक पॉलिश कागदाने गोलाकार पुसावा, पिस्टनच्या सर्व कडेने वंगण लावावे आणि दोनतीन दिवस ते रोज पुन्हा लावत राहावे. त्यानंतर फ्लायव्हील दोन्ही दिशांना थोडे थोडे डोलवावे. अगदी आवश्यक असल्यास पिस्टनच्या माथ्यावर सपाट लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर मारणे, फ्लायव्हीलला पहार घालणे किंवा यंत्र गिअरमध्ये टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे हे तिन्ही प्रकार कटाक्षाने टाळावेत.

पिस्टन सुटल्यावर लायनर नीट तपासावा. पुसट डाग चालतील. नखाला अडकणारे खड्डे चालणार नाहीत. असे खड्डे असतील तर लायनर, पिस्टन व रिंगांचा संच बदलावा लागतो. हेड बसवताना नवी गॅस्केट वापरावी. नट माहितीपुस्तिकेतील क्रमाने व टॉर्क पान्याने आवळावेत. ‘अंदाजाने घट्ट’ हा गावातील गॅरेजचा आवडता शब्दप्रयोग येथे उपयोगाचा नाही. मग व्हॉल्व्हची फट पुस्तिकेप्रमाणे बसवावी.

थंड करण्याच्या व्यवस्थेतही वर्षानुवर्षांचा गाळ असतो. कूपनलिकेचे जड पाणी वापरले असेल तर आतून क्षाराचा थर जमतो आणि नंतर इंजिन भाराखाली तापते. पाणी स्वच्छ येईपर्यंत आतील भाग धुवावा आणि पाइप पिचकले असतील तर बदलावेत.

इंधन आणि अडकलेला रॅक

टाकीतील जुने डिझेल पूर्ण काढून टाकावे. त्याचा चिकट थर तळाशी, जाळीत आणि पंपात बसलेला असतो. टाकी स्वच्छ डिझेलने वारंवार खळबळून धुवावी. टाकीला भोक असल्यास ती न धुता वेल्डिंगला देणे जिवावर बेतू शकते. आतील वाफ पेट घेते. फिल्टर व रबरी नळ्या नव्या घालाव्यात. त्यांची किंमत अल्प आहे आणि येथे केलेली काटकसर हमखास महागात पडते.

इंजेक्टर व इंधन पंप यांची चाचणी डिझेल पंपाच्या कार्यशाळेतच करून घ्यावी. पंपातील प्लंजर व बॅरल ही एकमेकांसाठीच घासलेली जोडी असते. तिला पॉलिश कागद लावणे किंवा दुसऱ्या पंपातील भाग जोडणे चुकीचे. इंजेक्टरमधून निघणारा फवारा इतक्या प्रचंड दाबाचा असतो की तो कातडीतून आत शिरतो. जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

या साऱ्यात सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे पंपाचा रॅक. इंजिनाला किती डिझेल मिळावे हे गव्हर्नर या छोट्या पट्टीमार्फत ठरवतो. यंत्र दीर्घकाळ उभे राहिले की रॅक गंजाने किंवा वाळलेल्या डिझेलने एका जागी चिकटतो. तो पूर्ण इंधनाच्या स्थितीत अडकलेला असेल आणि इंजिन सुरू झाले, तर वेग वाढतच जातो. अ‍ॅक्सिलरेटर मागे घेऊन काही होत नाही, कारण लिव्हर हलते पण रॅक हलत नाही. २,४०० फेऱ्यांसाठी बनवलेले इंजिन काही क्षणांत त्याच्या पलीकडे जाते आणि ते फुटल्यास जवळ उभा असलेला माणूस वाचेलच असे नाही. म्हणून इंजिन बंद असतानाच रॅक बोटाने दोन्ही टोकांपर्यंत सहज सरकतो की नाही, हे पाहिल्याखेरीज पहिली सुरुवात करू नये. तेलपात्राच्या एअर क्लीनरमध्ये खुणेपेक्षा अधिक ऑइल भरल्यासही इंजिन ते ओढून घेऊन असेच बेफाम होऊ शकते. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा विचार येथे घातक ठरतो.

पहिल्या सुरुवातीला दोन माणसे हवीत. एकाने हँडल मारावे. दुसऱ्याने हवेच्या तोंडाजवळ, पण फ्लायव्हीलच्या रेषेत न येता, रबराचा तुकडा ठोकलेली जाड फळी घेऊन उभे राहावे. इंजिन बेफाम झाल्यास फळीने हवा बंद करावी. हाताने किंवा फडक्याने हवा बंद करू नये. दोन्ही आत ओढले जातात.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. मुठीत विरुद्ध बाजूला असलेला अंगठा उलट झटक्याने मोडतो. पाइपमधील हवा काढून झाल्यावर डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबून हँडल गती घेईपर्यंत फिरवावे आणि मग लिव्हर सोडावी.

इंजिन लागले की भार न देता हळू वेगात दहा मिनिटे चालवावे. ऑइलच्या दाबाचा दर्शक काहीच दाखवत नसेल तर लगेच बंद करावे. सुरुवातीचा पांढरा धूर इंजिन तापल्यावर ओसरतो. निळा धूर राहिला तर रिंगा ऑइल रोखत नाहीत असे समजावे. भाराविना सतत काळा धूर येत असेल तर इंजेक्टर किंवा एअर क्लीनर पुन्हा पाहावा. काही तासांच्या चालण्यानंतर ऑइल एकदा बदलावे, कारण आतील सैल झालेला गंज त्यात उतरलेला असतो.

चाके, क्लच आणि पाती

इंजिन चालले की काम संपले असे मानून यंत्र थेट खाचरात नेले जाते. तेथे ते वळत नाही. कारण दांड्याखालचे दोन स्टिअरिंग क्लच गंजून चिकटलेले असतात. सपाट, मोकळ्या जागी प्रत्येक क्लच दाबून संबंधित चाक सुटते की नाही ते पाहावे. उतारावर हे क्लच उलटे वागतात, ही गोष्ट नव्या चालकाला आवर्जून सांगावी. डावा दाबला की डावे चाक सुटून उताराने पुढे धावते आणि यंत्र उजवीकडे वळते. डोंगरउतारावरच्या खाचरांत हे अज्ञान अपघाताला कारण होते.

व्ही-बेल्ट तडकलेले असतील तर सर्व एकत्र बदलावेत. नवा व जुना बेल्ट एकाच पुलीवर चालवल्यास सगळा भार नव्यावर येतो. क्लचच्या जुन्या तबकड्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्यांची धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. गिअरबॉक्स व रोटरीच्या साखळीपेटीतील ऑइलही काढून तपासावे. चिखलाचे पाणी येथे ऑइल सीलमधून शिरते आणि बेअरिंग आतून खाते. पात्यांत डावी व उजवी असा फरक असतो. ती मिसळली तर माती एका बाजूला फेकली जाते. रोटरीवरचे आवरण हरवलेले असल्यास ते बनवून घेतल्याशिवाय यंत्र चालवू नये. मागे जाताना रोटरी बंदच असावी.

खर्च कोठे थांबवावा

रंगकाम शेवटी करावे. विक्रीयोग्य दिसावे म्हणून आधी रंगवलेल्या यंत्रात गळती झाकली जाते, आणि जुना टिलर विकत घेणाऱ्याने चकचकीत यंत्राकडे थोड्या संशयाने पाहावे. गिअरबॉक्सचे आवरण तडकलेले असेल, क्रँकशाफ्ट घासली गेली असेल आणि लायनरही बदलायचा असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा. अशा यंत्राचे उपयोगी भाग काढून दुसरे सारखे यंत्र उभे करणे अधिक किफायतशीर ठरते. दोन बंद टिलरमधून एक चालता टिलर, हा व्यवहार गावपातळीवर सहज जमतो. फक्त दोन मालकांना एका ओट्यावर बसवावे लागते आणि ते काम मेस्त्रीपेक्षा विस्तार कार्यकर्ता चांगले करू शकतो.

नव्या यंत्रासाठी २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदान मिळते. जुन्याच्या दुरुस्तीकडे त्या मानाने कोणाचे लक्ष जात नाही. तालुक्यातील बंद यंत्रांची यादी फेब्रुवारीत करून मार्च-एप्रिलमध्ये दुरुस्ती शिबिर घेतल्यास सुट्या भागांची मागणी एकत्र नोंदवता येते आणि मेमध्ये कोरड्या जमिनीवर चाचणी होते. ही चाचणी अर्ध्या तासाची असावी. त्यानंतर चाकांचे व पात्यांचे सर्व नट पुन्हा आवळावेत आणि इंजिन, पंप व गिअरबॉक्सच्या सांध्यांखाली कोरडा पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर दिसणाऱ्या डागांवरून कोणते सील बदलायचे राहिले ते कळते. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी तेवढे बदलून घ्यावेत.