ताऱ्यांच्या वाटेवरचे इंधन

‘एलिट डेंजरस’ या २०१४ सालच्या संगणकीय खेळात जवळजवळ अख्खी आकाशगंगा भटकायला खुली आहे. यानाची प्रत्येक झेप हायड्रोजन जाळते. झेपेचे अंतर दुप्पट झाले, की खर्च चौपट किंवा त्याहून अधिक. म्हणून दूरच्या सफरीवर निघताना यानाला ‘फ्युएल स्कूप’ बसवतात. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम वर्गांच्या ताऱ्यांजवळून जाताना तो हायड्रोजन गोळा करतो. फार जवळ गेल्यास यान तापते. तपकिरी व श्वेत बटू ताऱ्यांकडून इंधन मिळत नाही. तेव्हा पुढच्या उपयुक्त ताऱ्यापर्यंत पुरेल इतका साठा टाकीत हवाच. खऱ्या रॉकेटला ताऱ्यांकडून इंधन गोळा करण्याची सोय नाही. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात चाचणी झालेल्या स्कायरूट या भारतीय कंपनीच्या ‘कलाम-५’ इंजिनातले घन इंधन तर राखूनही ठेवता येत नाही; ते एकदा पेटले, की संपेपर्यंत जळते.