गोळीला गुडघा कळत नाही

आईचे गुडघे दुखतात. सकाळच्या चहा-पोळीनंतर ती एक गोळी घेते आणि तासाभराने जिना उतरून भाजी आणायला जाते. गोळी डॉक्टरांनीच दिलेली असते, चिठ्ठीही खरी असते. फक्त ती काही वर्षांपूर्वीची असते, घड्या पडून मधोमध फाटत आलेली. मेडिकलवाल्याला ती आता दाखवावीही लागत नाही. ‘आजींची नेहमीची’ म्हटलं की तो स्ट्रिप काढून देतो. पुण्यात, नागपुरात, परदेशी असलेल्या मुलाच्या व्हिडिओ कॉलवर, सगळीकडे एकच काळजी असते: इतकी वर्षं ही गोळी चालू आहे, आत काय होत असेल?

आत जे होतं ते समजून घेतलं की माणूस थक्क होतो.

गुडघ्यातली कूर्चा झिजते, आतलं अस्तर सुजतं, आणि तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करू लागतात. ही रसायनं मज्जातंतूंच्या टोकांना हळवं करून सोडतात. एरवी जाणवणारही नाही असा दाब आता कळ बनून मेंदूपर्यंत पोहोचतो. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनवणारं विकरच अडवतात. ॲस्पिरिनही त्याच कुळातली. ती १८९९ पासून बाजारात होती, पण ती नेमकं काय करते हे लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं ते १९७१ साली. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ अवघं जग एक गोळी घेत होतं आणि तिचं काम कसं चालतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. व्हेन यांना १९८२ साली नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. दुखणं जागवणारं हेच रसायन शरीरात इतरत्र राखणदाराचं काम करतं. जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट थर टिकवून ते तिला आम्लापासून वाचवतं. मूत्रपिंडात तर त्याचं काम आणखी नाजूक आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग दोन मूत्रपिंडांकडे जातो, आणि दिवसभरात तिथे जवळजवळ १८० लिटर पाणी गाळलं जाऊन त्यातलं लिटर-दीड लिटर सोडून सगळं परत घेतलं जातं. हे गाळणं दाबावर चालतं. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक रक्तवाहिनी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. शरीरात पाणी कमी पडलं किंवा वय झालं, की प्रोस्टाग्लँडिन आत येणारी वाहिनी रुंद ठेवतं आणि अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक बाहेर जाणारी आवळून धरतं. दोघं मिळून दाब सांभाळतात. तिशीतल्या धडधाकट माणसाच्या मूत्रपिंडाला ही मदत फारशी लागत नाही. सत्तरीतल्या आईच्या मूत्रपिंडाला ती अनेकदा लागते.

गोळी रक्तात उतरते आणि रक्त सगळीकडे जातं. तिला गुडघा कळत नाही. तिथलं प्रोस्टाग्लँडिन थांबवताना ती मूत्रपिंडातलंही थांबवते आणि आत येणारी वाहिनी आकसते.

आता आईच्या डब्यातली बीपीची गोळी काढून पाहा. स्ट्रिपच्या मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरांत बहुतेकदा टेल्मिसार्टन लिहिलेलं सापडेल, आणि पुष्कळदा त्याच्याच शेजारी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन. पहिलं औषध बाहेर जाणारी वाहिनी सैल करतं. दुसरं लघवीवाटे पाणी काढून टाकतं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम औषधं आहेत, त्यांनी लाखो लोकांना पक्षाघातापासून वाचवलं आहे. पण त्यात वेदनाशामक मिसळलं की येणारी वाट अरुंद, जाणारी सैल, आणि मुळात पाणीच कमी. डॉक्टर याला तिहेरी फटका म्हणतात. मे महिन्याच्या उकाड्यात किंवा दोन दिवस जुलाब झाल्यावर अशा मूत्रपिंडाचं काम अचानक ढासळू शकतं. यात चूक एकाची नसते. बीपीचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, आणि तिन्ही औषधं एकत्र पाहतो तो फक्त आईचा स्टीलचा डबा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. याच वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात आणि रक्तदाब वाढवतात. मग पाय सुजतात, बीपी चढलेलं दिसतं आणि बीपीची गोळी वाढवली जाते. गुडघ्याच्या गोळीचा विषयच निघत नाही.

मूत्रपिंड दुखत नाही. जवळपास निम्मं काम गेलं तरी रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा कधीकधी ‘नॉर्मल’मध्येच दिसतो, म्हणून त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहावा लागतो. पोटाचंही तसंच. वेदनाशामकांमुळे झालेला अल्सर वयस्कर माणसात पुष्कळदा दुखतच नाही. जखम करणारी गोळीच जखमेची कळ झाकून टाकते, आणि पहिली खूण दिसते ती डांबरासारख्या काळ्या शौचाची. सोबत दिलेली ॲसिडिटीची गोळी पोटाला बरंच जपते, पण मूत्रपिंडाला तिचा उपयोग नाही.

डायक्लोफिनॅकच्या ताकदीचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या आकाशात आहे, किंवा आता नाही असं म्हणावं लागेल. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मेलेल्या पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर सापडे. मूत्रपिंडं निकामी झाली होती. कारण २००४ साली प्रसिद्ध झालं: दुखण्यावर डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेली की गिधाडं ती खात, आणि मांसात उरलेला अंशही त्यांना पुरे होई. जनावरांसाठी हे औषध भारताने २००६ साली बंद केलं. माणूस गिधाड नव्हे, आपण ते कितीतरी पटींनी चांगलं पचवतो. पण मूत्रपिंडाशी त्याचं नातं किती जवळचं आहे, हे कळायला एवढं पुरे.

एक दिवस आईला गुडघ्याची ही गोळी पुरेनाशी होते आणि चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल येतं, अफूच्या कुळातलं वेदनाशामक. इथे गोष्ट पूर्ण बदलते. १९७३ साली शास्त्रज्ञांना मेंदूत अफूच्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या जागा सापडल्या. अफूसाठीच्या जागा माणसाच्या मेंदूत कशाला असाव्यात? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला मिळालं. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एनकेफालिन वेगळं काढलं. शरीर स्वतःच वेदनाशामक तयार करतं! खसखशीच्या बोंडातला चीक केवळ त्याच जागांवर जाऊन बसतो. ट्रॅमाडॉलचं यकृतात जे रूपांतर होतं, तेही तिथेच जाऊन बसतं.

बाहेरून रोज पुरवठा होऊ लागला की त्या जागा बोथट होतात. पूर्वीचाच डोस कमी पडतो, आणि काही जणांत तर मज्जासंस्था उलट जास्त हळवी होऊन दुखणं वाढतं. गोळी अचानक बंद केली तर घाम, बेचैनी, जुलाब, रात्रभर टक्क जाग. मुलं हे पाहून घाबरतात: आईला व्यसन लागलं की काय? बहुतेक वेळा तसं नसतं. हे शरीराचं जुळवून घेणं आहे आणि ते नियमाने घेणाऱ्या कोणाच्याही बाबतीत होतं. व्यसनाची लक्षणं वेगळी: दुखत नसतानाही गोळीची ओढ, लपवून घेणं, दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या मिळवणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं. तसं दिसलं तरी ती गुन्हेगार नसते, तिला उपचार हवे असतात. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, म्हणून त्याची चिठ्ठी ताजी असणं आणि डॉक्टर एकच असणं हे तिच्याही हिताचं आहे. रात्री चक्कर येऊन पडणं, हट्टी बद्धकोष्ठता, नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी होणारा झगडा, यांकडेही लक्ष हवं.

‘बंद कर ती गोळी’ असं दरडावणं मला चुकीचं वाटतं. तिचं दुखणं खरं आहे. दुखतं म्हणून चालणं थांबलं की मांडीचे स्नायू सुकतात, आणि सांध्याला धरून ठेवणारं बळ तेच असतं. उपाय आहेत आणि ते साधे आहेत. डायक्लोफिनॅकचं मलम गुडघ्याला चोळलं तर गोळीच्या मानाने फारच थोडं रक्तात जातं. मांडीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकता येतात. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

तेव्हा या आठवड्यात आईला किंवा बाबांना घेऊन बसा. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि पुड्या एका पिशवीत भरा आणि ती पिशवी एकाच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करा. क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते मनाने बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं उतरवा. आणि काळं शौच, अचानक कमी झालेली लघवी किंवा वाढती गुंगी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.