लातूर पॅटर्न आणि कागदी पक्षी
लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत भूमिती सरावाने पक्की होते. पण हाताला ती समजते पंख हलवणारा कागदी पक्षी करताना. चौरसाचे कर्ण आणि मध्यरेषा दुमडल्या की मधोमध ४५ अंशांचे आठ कोन पडतात. पुढे कड मधल्या रेषेवर आणताच ४५चे साडेबावीस होतात. टी. सुंदर राव यांनी अशा घड्यांवरच भूमितीचे पुस्तक लिहिले, १८९३ साली, मद्रासमध्ये.

पालक म्हणतील, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत घड्यांना गुण नाहीत. खरे आहे (तिथे गणितही नाही!), पण एकावर एक तंतोतंत बसलेल्या कडा कोन समान असल्याची जी खात्री देतात, ती फळ्यावरची आकृती देत नाही. घड्यांसाठी खास जपानी कागद नाही, ही सबबही टिकत नाही: वहीच्या पानाची आखूड कड लांब कडेवर बसवा, उरलेली पट्टी फाडा, चौरस तयार.